बाटली ‘ड’ आणि उत्तनचा विल्सन

विठ्ठलवाडीहून कल्याण स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात मी मांडीवर बादली घेऊन बसले होते. बादलीला घट्ट झाकण, झाकणाला भोकं. ऑक्टोबरचं ऊन असं की सीटला हात लावला तर हात चिकटावा. उजवीकडे भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या एक काकू, डावीकडे निम्मा बाहेर लटकलेला निळ्या शर्टातला एक मुलगा.

“मासे आहेत का?” मुलानं विचारलं.

“नाही.”

“वास येत नाहीये, म्हणून म्हटलं जिवंत असतील. आमच्याकडे आई चिंबोऱ्या अशाच नेते, बादलीतून.”

“बेडूक आहेत,” मी म्हटलं. हळूच म्हटलं होतं, पण काकूंना ऐकू गेलंच. त्या पिशव्यांसकट कोपऱ्यात सरकल्या आणि रिक्षावाल्यानं ब्रेक मारला.

“मॅडम, उतरा. जनावर शेअरमध्ये नाय चालत.”

“अहो, जनावर कुठे? बेडूक आहेत. झाकण लावलंय.”

“तेच ते. उतरा.”

काकूंचं कुतूहल तोपर्यंत भीतीला भारी पडलं होतं. “आमच्या गावाला पाऊस नाय पडला की बेडकांचं लग्न लावतात. पण दिवाळी तोंडावर आली, आता कशाला गं?”

“लग्न आटपलंय काकू,” तो मुलगा गंभीरपणे म्हणाला. “ही वरात चाललीय.”

पुरुषांच्या विनोदांना हसायची मला सवय नाही. त्या दिवशी हसले, एवढं नोंदवून ठेवते. मी बादली घेऊन उतरले आणि बघते तर तोही उतरला होता.

“तुम्ही का उतरलात?”

“वरातीत मुलाकडचा एक तरी माणूस नको?”

स्टेशन अजून बरंच लांब होतं. त्यानं न विचारता बादलीची कडी धरली. पाणी हिंदकळू नये म्हणून हात अंगापासून लांब ठेवून तो चालत होता. ज्याला बादलीतून जिवंत काहीतरी न्यायची सवय आहे तोच असा चालतो. नाव विल्सन बोर्जिस, उत्तनचा. घरी होडी. हा मात्र शिकून डोंबिवलीला भाड्याच्या खोलीत.

“पण करता काय यांचं?”

हा प्रश्न मला सगळे विचारतात, त्यामुळे माझं उत्तर पाठ आहे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. पाण्यात असेल नसेल ते मीठही तो कातडीतूनच आत ओढतो. ती कातडी काढून काचेच्या दोन कपांच्या मध्ये ताणून बसवली आणि दोन्हीकडे खारं पाणी भरलं, तर बेडूक नसतानाही ती काही तास आपलं काम करत राहते. सोडियम बाहेरून आत जात राहतं आणि त्याबरोबर विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो, तो मीटरवर दिसतो. लघवी वाढवणारं एखादं औषध बाहेरच्या कपात टाकलं की हा प्रवाह बघता बघता खाली बसतो. तेच औषध आतल्या कपात टाकलं तर काटा ढिम्म हलत नाही. आपल्या मूत्रपिंडातल्या शेवटच्या नळ्याही अशाच वागतात. म्हणून बेडकाच्या कातडीवरून माणसाच्या रक्तदाबाच्या गोळीचा अंदाज बांधता येतो.

मीठ आणि लघवीची गोळी इथपर्यंत मी आले आणि तो एकदम गप्प झाला. बेडूक मरतात हे लक्षात आल्यावर लोक होतात तसाच झालाय, असं मला वाटलं. पण लोक त्यानंतर ‘याचा उपयोग काय’ असंही विचारतात. त्यानं नाही विचारलं.

“आणि तुम्ही काय करता?”

“मी... केमिकलमध्ये. डोंबिवली, एमआयडीसी.”

डोंबिवलीत हे उत्तर म्हणजे ‘मी जेवतो’ म्हणण्यासारखं आहे. मी पुढं काही विचारलं नाही.

स्टेशनच्या पायऱ्यांशी बादली माझ्या हातात देताना तो म्हणाला, “पोचल्यावर कळवाल का? म्हणजे... बेडूक नीट पोचले की.”

“बेडकांसाठी नंबर मागताय?”

“बेडकांकडे फोन नाही ना.”

मी नंबर दिला. ठाण्याला पोचल्यावर ‘सगळे सुखरूप’ असा मेसेजही केला. त्यावर त्यानं अंगठा पाठवला नाही, हसरा चेहरा पाठवला नाही. ‘आणि तुम्ही?’ एवढंच पाठवलं.

माझं कॉलेज वागळे इस्टेटला लागून आहे आणि तिथं मी पीएचडी करते. माझ्या गाइड डॉ. अमृता केळशीकर. मॅडमना बेडूक आवडतात, माणसं चालतात, आणि ‘मला असं वाटतं’ हे वाक्य अजिबात चालत नाही. “वाटण्याचं काय घेऊन बसलीस योगिनी? काटा काय म्हणतो?” हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. माझाही पिंड तसाच. मी आधी मोजते, वाटायचं असेल ते नंतर वाटतं.

त्या सत्रातलं काम असं होतं. डोंबिवलीच्या एका कंपनीनं लघवी वाढवणारं नवं औषध बनवलं होतं. जुनं औषध धुऊन काढलं की कातडीतला प्रवाह लगेच पुन्हा वर येतो. नवं औषध तो जास्त वेळ दाबून धरील, म्हणजे गोळी कमी वेळा घ्यावी लागेल, असा त्यांचा दावा होता. तो खरा की खोटा हे माझ्या कातड्या ठरवणार होत्या. त्यावर माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उभं राहणार होतं, आणि प्रबंधाची मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली होती.

मॅडमनी माझ्यासमोर चार बाटल्या ठेवल्या. अ, ब, क आणि ड. औषधाला उजेड सोसत नाही, म्हणून चारींना चांदीचा कागद गुंडाळलेला. एकात नुसतं खारं पाणी, एकात जुनं औषध, एकात असं औषध जे मूत्रपिंडात चालतं पण बेडकाच्या कातडीवर काहीच करत नाही, आणि एकात नवं. कुठल्या बाटलीत काय आहे ते फक्त मॅडमना माहीत.

“आंधळी कोशिंबीर,” मॅडम म्हणाल्या. “डोळ्यांवरची पट्टी काढायची नाही. आणि ज्यानं औषध बनवलं त्याचा आणि तुझा संबंध येता कामा नये. त्याला तू माहीत नको, तुला तो माहीत नको.”

“मॅडम, मीटर तर कुणाची बाजू घेत नाही.”

“मीटर नाही घेत. कुठली कातडी गळकी म्हणून टाकून द्यायची, ते कोण ठरवतं?”

ते मी ठरवते. कातडीला बारीक चीर असली की मीठ कसंही झिरपतं आणि आकड्यांना अर्थ उरत नाही. अशी कातडी बाद करावी लागते. काही उघड गळक्या असतात, काही उघड चांगल्या. मधल्या ज्या असतात, त्यांचा निवाडा मोजणाऱ्याच्या डोळ्यावर असतो. मी हे मान्य केलं आणि कामाला लागले.

बेडकांचं सगळं आमच्या प्रयोगशाळेतले काळुराम बघायचे. टाकीतून बेडूक काढण्याआधी ते दोन्ही हात जोडायचे. रानातला बेडूक धरायला आता कायद्यानं बंदी आहे. विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ परवाना घेऊन परदेशी जातीचे बेडूक प्रयोगशाळांसाठी वाढवतात. समिती मंजूर करील तेवढेच मिळतात, आणि आणखी हवे असतील तर पुढच्या सत्रापर्यंत वाट बघायची. त्या बादलीतले बेडूक हेच माझं सगळं भांडवल होतं.

“ताई, हे संपले की संपले हां,” काळुराम रोज बजावायचे.

विल्सन मात्र रोज मेसेज करायचा. सुरुवात बेडकांपासून झाली. ‘वऱ्हाडी कसे आहेत?’ मग हळूहळू ‘जेवलात का’, मग ‘जेवलीस का’. तुम्हीचं तू कधी झालं ते मी मोजलं नाही, आणि मी काहीतरी मोजत नाहीये हे लक्षात आलं तेव्हा मला जरा धास्ती वाटली. आम्ही डोंबिवलीत भेटायला लागलो. तो कंपनीतून यायचा, मी कॉलेजमधून. घारडा सर्कलपाशी उभ्यानं शेवपुरी खायची आणि बोलत बोलत आमच्या सोसायटीच्या दोन गल्ल्या अलीकडे थांबायचं. सोसायटीत डोळे फार.

तो मला माझ्या कामाबद्दल काही म्हणजे काही विचारत नसे. मी सांगायला लागले तरी विषय बदलत असे.

“आज एक कातडी इतकी सुंदर बसली...”

“योगिनी, ती चटणी तिखट आहे, जपून.”

“तुला कंटाळा येतो ना माझ्या बेडकांचा?”

“नाही गं. अजिबात नाही.” मग थोडं थांबून, “तू बोलतेस तेव्हा मी दुसरंच ऐकत असतो.”

“दुसरं म्हणजे?”

“आवाज.”

असल्या वाक्यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी शेवपुरी खाल्ली.

दिवाळीच्या पहाटे सगळी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर जमते. कुणाला काही काम नसतं, नुसतं एकमेकांना बघायचं असतं. मी त्याला म्हटलं, ये. तो आला. नव्या कुर्त्याच्या घड्या तशाच, केस ओले, आणि त्या तुफान गर्दीत हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

“बिअर आणलीस? फडके रोडवर?” मी जवळजवळ किंचाळले.

“ए, हळू! बाटली बिअरची आहे, आतमध्ये मसाला आहे. बाटली मसाला. आई मे महिन्यात कुटते आणि बाटल्यांमध्ये ठासून भरते. तुमचा सण आहे, रिकाम्या हातानं कसं यायचं?”

मी त्याला चकल्यांचा डबा दिला. त्यानं तिथल्या तिथे झाकण उघडलं, एक चकली तोंडात टाकली आणि डोळे मिटले. आजूबाजूला सेल्फी, ढोल, अत्तरांचे वास, कुणाच्या तरी पैठणीचा पदर माझ्या बांगडीत अडकलेला. तो पदर सोडवायला तो खाली वाकला. दोन बोटांनी, धागा न तोडता, सावकाश सोडवत राहिला. त्याच्या कानाला उटण्याचा एक ठिपका लागला होता. भाड्याच्या खोलीत एकट्यानं, कुणाला तरी विचारून, त्या मुलानं माझ्या सणासाठी उटणं लावून घेतलं होतं. मला तो ठिपका पुसावासा वाटला. तेव्हा मला कळलं की माझं या मुलावर प्रेम बसलंय.

मी ठिपका पुसला नाही. “कानाला उटणं राहिलंय,” इतकंच म्हटलं. तो लाजला आणि त्यानं भलताच कान पुसला.

घरी बाटलीचं बूच उघडताना पाहिलं, तर टेप घट्ट गुंडाळून तिचं टोक दुमडलेलं होतं. छोटासा कान. नख लावून टोक शोधायला लागू नये म्हणून केलेला. आईनं मसाल्याचा वास घेतला आणि विचारलं, “कुणी दिला?” मी म्हटलं, “कॉलेजमध्ये.” दिवाळीच्या दिवशी कॉलेज बंद असतं हे आईलाही माहीत आहे. तिनं बाटली फळीवर ठेवून दिली.

सुट्टीनंतर पुन्हा काम सुरू झालं. शेवटच्या फेरीच्या अ, ब, क झाल्या. मग एका सकाळी ‘ड’ची पाळी आली. टाकीतला शेवटचा बेडूकही काढला होता, त्याची कातडी कपांमध्ये बसवलेली. मी ‘ड’ हातात घेतली. चांदीच्या कागदावरची टेप सोडवायला बोट नेलं, आणि बोटाला कान लागला.

बाकीच्या तीन बाटल्या मॅडमनी स्वतः गुंडाळल्या होत्या. त्यांची टेप नेहमी नखानं खरवडून काढावी लागायची. ‘ड’ कंपनीतून गुंडाळलेलीच आली होती आणि मॅडमनी तिच्यावर फक्त अक्षर चिकटवलं होतं, हे मला नंतर कळलं. ही बाटली मी आधीही उघडली होती. तेव्हा तो कान सोयीचा वाटला होता, इतकंच. आता तो तसाच होता, तेवढाच, त्याच बाजूला दुमडलेला.

जगात टेपचं टोक दुमडणारी माणसं पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगितलं. डोंबिवली, केमिकल, उत्तन, माझ्या कामाबद्दल एक अक्षर न विचारणारा मुलगा... मी औषध बाहेरच्या कपात सोडलं. काटा खाली बसला. मग मी कप धुतला आणि बघत राहिले. ‘ड’ त्याचं नवं औषध असेल, तर काटा खालीच राहायला हवा होता. तो वर यायला लागला. जुन्या औषधासारखाच, भराभर.

आणि माझ्या मनात आलं, ही कातडी गळकी आहे.

खरंच थोडी शंका घेण्यासारखी होती. मधली. बाद केली असती तर कुणीही बोट दाखवलं नसतं. मी पेन उचललं, आणि मग कळलं की मला ती गळकी असायला हवी आहे. त्याची बाटली नापास होऊ नये म्हणून मी एका बेडकाच्या कातडीवर खोटं बालंट घ्यायला निघाले होते. मी पेन खाली ठेवलं. कातडी बाद केली नाही.

विल्सनला फोन केला. “तुमची कंपनी काय बनवते?”

“मी येतो ठाण्याला,” तो म्हणाला.

वागळे इस्टेटमध्ये सोळा नंबरच्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. शेजारच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचा आवाज चालू होता, त्यामुळे तिथं कुणीही कुणाशीही मोठ्यानं बोललं तरी चालतं. आम्ही मात्र हळूच बोलत होतो.

“कधी कळलं तुला? मी कोण ते?”

“पहिल्याच दिवशी. तू मीठ म्हणालीस, लघवीची गोळी म्हणालीस... ठाण्यात बेडकाच्या कातडीवर हे करणारे दुसरे आहेत कोण?”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर दुसरा दिवस आला असता का?”

मला राग आला होता. तो योग्य होता असं मला आजही वाटतं. “त्यापेक्षा भेटायला नको होतंस.”

“हो. नको होतं.” त्यानं ग्लास फिरवला. “पण मी एकदाही विचारलं नाही ना योगिनी? काय निघालं, चाललं का, एकदा तरी? तीन वर्षं त्या औषधाच्या रेणूच्या मागे आहे मी. रोज तोंडापर्यंत यायचं. मग शेवपुरीवर बोलायचो.”

हे मात्र खरं होतं. माझ्या डोळ्यांवरची पट्टी तो इतके दिवस स्वतःच्या हातानं धरून उभा होता, आणि मी त्याला कंटाळा समजत होते.

“मॅडमना सांगावं लागेल,” मी म्हटलं.

“वेडी आहेस का? सगळं बाद करतील. बेडूक संपलेत, तूच म्हणालीस. तुझी मुदत...”

“माहितीये.”

“हे बघ. आपण भेटणं थांबवू. तुझा अहवाल जाईपर्यंत. मी मेसेजपण नाही करणार. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना. कळलेलं परत न कळलेलं कसं करू?”

चहा तसाच राहिला. उद्या सकाळी मॅडमशी बोलते म्हणून मी निघाले आणि त्यानं मला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनचं दार ढकललं तर आत विल्सन बसलेला. समोर ‘ड’ बाटली. कुर्ता नाही, निळा शर्ट नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

“बरं झालं आलीस,” मॅडम म्हणाल्या. “हे बोर्जिस. डोंबिवलीहून आलेत. यांचं म्हणणं, बाटलीला लावलेली टेप यांच्या हातची आहे आणि ती खूण ठरू शकते. म्हणून बाटली बदलून द्यावी. मला हा सावधपणा आवडला. तू यांना ओळखतेस?”

मी काही बोलायच्या आत विल्सन म्हणाला, “नाही मॅडम. आज पहिल्यांदाच बघतोय यांना.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नाही म्हण. मला फक्त ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. ओळखत नसेन तर माझ्या डोळ्यांवरची पट्टी शाबूत, आकडे शाबूत, प्रकरण पुरं. ओळखत असेन तर काय होईल ते मला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं. आणि ‘नाही’ म्हटलं की तो या खोलीतून एक अनोळखी माणूस म्हणून उठून जाणार होता. मला ते सहन होईना.

“ओळखते,” मी म्हटलं.

“कोण हा तुझा?”

“माझं... प्रेम आहे याच्यावर, मॅडम.”

हे मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. तोही मला म्हणाला नव्हता. पहिल्यांदा बोलले ते गाइडसमोर, वार्षिक तपासणीत बोलतात त्या आवाजात. विल्सननं खाली पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बस,” त्या म्हणाल्या. “कालपर्यंत तुला माहीत नव्हतं हा कोण ते?”

“नव्हतं. काल टेप पाहिली तेव्हा कळलं. कालची कातडी मी बाद करणार होते. केली नाही.”

“ते तू सांगतेस. मी विश्वास ठेवीन, बाहेरचा परीक्षक का ठेवील? याला तर माहीत होतं. ज्याला माहीत आहे तो न बोलतासुद्धा पुष्कळ काही सांगून जातो.” त्या विल्सनकडे वळल्या. “रस्त्यात ओळख कुणाचीही होते, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. प्रश्न हितसंबंधाचा आहे. दोघांपैकी एकाचा जरी जीव गुंतला असेल, तरी तिथून पुढचे आकडे मी धरणार नाही. तिथपर्यंतचे धरीन. आता सांगा, कधीपासून?”

माझा जीव भांड्यात पडला. दिवाळी आत्ताच झाली होती. तिच्याआधीचे सगळे आकडे वाचत होते. शेवटच्या दोन-चार कातड्या जातील, जाऊ देत. प्रकरण उभं राहील.

“दिवाळीची पहाट,” मी म्हटलं. “फडके रोड.” आणि ते खरं होतं.

मॅडमनी लिहून घेतलं. “ठीक आहे. मग त्यानंतरचे...”

“नाही मॅडम,” विल्सन म्हणाला.

मी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.

“तिचं दिवाळीपासून असेल. मला माहीत नव्हतं. आत्ताच कळलं.” त्यानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. “माझं त्याच्या आधीपासून आहे. रिक्षातून बादली घेऊन उतरली ना... तेव्हापासून.”

“कुठली बादली?” मॅडमनी विचारलं.

“बेडकांची.”

मॅडमनी हिशोब केला. तो फार मोठा नव्हता. या कामातला प्रत्येक बेडूक त्याच बादलीतून आला होता. म्हणजे पहिल्या कातडीपासून शेवटच्या कातडीपर्यंत सगळंच गेलं.

“विल्सन, काय करतोयस तू?” मी भान विसरून म्हटलं.

“तू खरं बोललीस गं. मग मी अर्धवट कसं बोलू?”

मॅडम थोडा वेळ आम्हा दोघांकडे बघत होत्या. काट्याकडे बघतात तशाच. “तारखा जुळत नाहीत तेव्हा आधीची धरतात,” शेवटी त्या म्हणाल्या. “पुढच्या सत्रात नवे बेडूक. मोजायला दुसरी मुलगी. तू आधीच्या सत्रांतल्या आकड्यांवरून जुन्या औषधांवर शेवटचं प्रकरण नव्यानं लिही, मी मुदत मागते. बोर्जिस, तुमच्या कंपनीला मी आजच कळवते. तुम्हाला तिथं बोलणी खावी लागतील.”

“खाईन मॅडम.”

“आणि तुमच्या रेणूचं काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. हिनंही सांगायचं नाही.”

“मी विचारणार नाही.”

“ते दिसतंय,” मॅडम म्हणाल्या, आणि फाइलमध्ये डोकं घातलं. म्हणजे जा.

आम्ही जिना उतरलो. खाली काळुराम रिकामी टाकी घासत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, विल्सनकडं बघितलं आणि घासायचं थांबवलं नाही. माझं सबंध सत्र पाण्यात गेलं होतं. घरी मुदतीचं सांगायचं होतं, आणि त्याहून अवघड ते विल्सनचं सांगायचं होतं. रडू यायला हवं होतं. मी आत चाचपून पाहिलं, तर तिथं आनंद होता. सरळ, ढळढळीत, मोजायची गरज नसलेला.

फाटकाशी येऊन तो थांबला. “रागावलीस?”

“हो.”

“किती?”

“अख्खं सत्रभर.” मग मला राहवेना. “खरंच रिक्षात?”

“बादली तू अशी धरली होतीस, सगळ्या जगाशी भांडून. म्हटलं, गेलो आपण.”

“आणि मला दिवाळीपर्यंत पत्ता नाही.”

“तू मोजत होतीस ना,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. कॉलेजच्या फाटकात, भर सकाळी, वॉचमनसमोर. हात गरम होता.

“रविवारी उत्तनला जाणारेस?” मी विचारलं.

“हो. का?”

“आईला सांग, जेवायला दोघं आहोत.”